बांधणीची काटकसर आणि अवलंबित्वाची नोंद : ‘मेक’पासून ‘बॅझल’पर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकाच्या टेबलावर आज एकच हस्तलिखित प्रत नसते. त्याच्या संगणकात अनेक फाइलींमध्ये विभागलेली मूळ सामग्री असते : प्रत्येक पोथीची अक्षरशः उतरवलेली संहिता, पाठभेदांची नोंद, टीपा, शब्दसूची आणि मुद्रणरचनेच्या सूचना. वाचकाच्या हाती पडते ती वस्तू याहून वेगळी असते. या सामग्रीवर संगणकाने प्रक्रिया करून सिद्ध केलेली ती पृष्ठे असतात. मूळ सामग्रीला ‘स्रोत’ आणि सिद्ध वस्तूला ‘फलित’ म्हणता येईल. स्रोतापासून फलितापर्यंतचा प्रवास घडवणाऱ्या प्रक्रियेस संगणकशास्त्रात ‘बिल्ड’ म्हणतात. ग्रंथाच्या बांधणीशी तिचे असलेले नाते लक्षात घेऊन येथे तिला ‘बांधणी’ म्हटले आहे.

हे साधर्म्य केवळ शब्दापुरते नाही. जॉन लॅव्हॅग्निनो आणि संस्कृतचे अभ्यासक डोमिनिक वुयास्टिक यांनी ‘टेक’ या मुद्रणप्रणालीसाठी ‘एडमॅक’ हा आज्ञासंच रचला, तो ओळींचे क्रमांक आणि पाठभेदांच्या टीपा यांनी युक्त अशा चिकित्सक आवृत्त्यांसाठीच. पुढे पीटर विल्सन यांच्या ‘लेडमॅक’मधून आणि मायल रूकेत यांच्या ‘रेलेडमॅक’मधून हीच परंपरा ‘लाटेक’ वापरणाऱ्या संपादकांपर्यंत पोचली. अशा आवृत्तीचा स्रोत हा संगणकाच्या दृष्टीने कोणत्याही आज्ञावलीच्या स्रोतासारखाच असतो. त्याचीही बांधणी करावी लागते आणि त्या बांधणीचे प्रश्नही तेच असतात.

त्यांतील मूलभूत प्रश्न एकच आहे : स्रोतात एका ठिकाणी बदल झाला, तर फलिताचा कोणता भाग नव्याने सिद्ध करावा लागेल आणि कोणता जसाच्या तसा ठेवता येईल? वरवर पाहता हा वेळेच्या बचतीचा, म्हणजे तंत्रज्ञाच्या सोयीचा प्रश्न वाटतो. तो मुळात संहितेच्या विश्वसनीयतेचा प्रश्न आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२. एक कल्पित उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एका तौलनिक आवृत्तीची कल्पना करू. ‘शुकसप्तती’चा संस्कृत पाठ, मराठी ‘शुकबहात्तरी’ आणि झियाउद्दीन नख्शबी याचे चौदाव्या शतकातील फारसी ‘तूतीनामा’ ही एकाच कथाचक्राची तीन रूपे शेजारी शेजारी ठेवणारी आवृत्ती संपादक सिद्ध करीत आहेत. संस्कृतातील प्रत्येक कथेसाठी एक, अशा ७० फाइली केल्या आहेत आणि समांतर मराठी व फारसी उतारे त्या त्या फाइलीत आहेत. याशिवाय एका सामायिक फाइलीत हस्तलिखितांचे संकेत आहेत : ‘क’ म्हणजे कोणती पोथी, ‘ख’ म्हणजे कोणती, इत्यादी. प्रत्येक कथेवर प्रक्रिया करण्यास २० सेकंद लागतात आणि सर्व कथा एकत्र जुळवून सूची तयार करण्यास १०० सेकंद लागतात, असे मानू.

सर्व काही नव्याने बांधावयाचे तर १,४०० आणि १०० मिळून १,५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटे लागतील. बाराव्या कथेतील एक अनुस्वार दुरुस्त केल्यावर पुन्हा २५ मिनिटे थांबणे कोणाही संपादकास जड जाते. मग तो दुरुस्त्या साठवून ठेवतो, फलित क्वचितच पाहतो आणि स्वतःच्या दुरुस्तीचा परिणाम तपासण्याची सवय हळूहळू सोडून देतो. मंद बांधणीचा खरा दोष हा आहे. दुसरा मार्ग म्हणजे ‘कोणता भाग बदलला ते मला ठाऊक आहे’ या विश्वासावर हाताने तेवढाच भाग नव्याने सिद्ध करणे. हा मार्ग जलद असला तरी मानवी स्मरणशक्तीवर विसंबलेला आहे. तिसरा मार्ग म्हणजे कोणते फलित कोणत्या स्रोतावर अवलंबून आहे याची एकदा नीट नोंद करणे आणि निवडीचे काम त्या नोंदीवर सोपवणे. बांधणीच्या साधनांचा सारा इतिहास या तिसऱ्या मार्गाचा इतिहास आहे.

३. ‘मेक’ची निर्मिती

१९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन रचले. त्यामागील प्रसंग संगणकशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ‘याक’ या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन संतापाने फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. आज्ञावलीतील एक दोष शोधण्यात त्यांची सारी सकाळ गेली होती. दोष स्रोतातून केव्हाच दूर झाला होता. परंतु दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहिली होती आणि चालत होती ती जुनीच आज्ञावली. बरोबर असलेल्या स्रोतात चूक शोधण्याचा हा अनुभव फेल्डमन यांनाही नवा नव्हता. त्यातून जन्मलेल्या ‘मेक’विषयीचा त्यांचा लेख १९७९ साली प्रसिद्ध झाला आणि या कार्यासाठी त्यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

या प्रसंगातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जॉन्सन यांची तक्रार कंपायलर मंद असल्याची नव्हती. स्रोत आणि फलित यांची फारकत झाली आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही, ही होती. म्हणजेच ‘मेक’चा जन्म वेगासाठी नव्हे, तर फलिताच्या खरेपणासाठी झाला. वेग हा त्यामागोमाग आलेला लाभ होय.

‘मेक’ची रचना अतिशय साधी आहे. ‘मेकफाइल’ नावाच्या फाइलीत नियम लिहिलेले असतात आणि प्रत्येक नियमाचे तीन घटक असतात : सिद्ध करावयाची वस्तू, ती ज्यांवर अवलंबून आहे त्या वस्तू, आणि ती सिद्ध करण्याची कृती. वरील उदाहरणात ‘बाराव्या कथेची पृष्ठे बाराव्या कथेच्या फाइलीवर अवलंबून आहेत आणि ती अमुक आज्ञेने सिद्ध होतात’ असा एक नियम असेल. ‘संपूर्ण ग्रंथ सत्तरही कथांच्या पृष्ठांवर अवलंबून आहे’ असा दुसरा असेल. या नियमांवरून ‘मेक’ अवलंबित्वाचा आलेख उभा करते. मग प्रत्येक फलिताची तारीख त्याच्या स्रोताच्या तारखेशी ताडून पाहते. स्रोत फलिताहून नवा असेल तर फलित शिळे ठरते आणि तेवढेच नव्याने सिद्ध होते. बारावी कथा बदलली तर २० आणि १०० मिळून १२० सेकंदांत, म्हणजे २ मिनिटांत काम आटोपते.

कृतीच्या ओळीचा आरंभ टॅबनेच झाला पाहिजे, हा ‘मेक’चा नियम नवशिक्याला हमखास अडखळवतो. तेथे रिकाम्या जागा चालत नाहीत आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. हा नियम गैरसोयीचा असल्याचे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. परंतु तोवर सुमारे डझनभर लोक ‘मेक’ वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी तो बदलला नाही. एका लहानशा वर्तुळातील सोय पुढे जगभराची रूढी होऊन बसली. लेखनपरंपरांच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये.

४. अपुरी नोंद आणि शिळे फलित

आलेख जितका पूर्ण, तितकेच ‘मेक’ विश्वासार्ह असते. आलेखात नसलेले नाते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. वरील उदाहरणात प्रत्येक कथा हस्तलिखितांच्या संकेतांच्या सामायिक फाइलीवरही अवलंबून आहे. हे नाते मेकफाइलीत नोंदवावयाचे राहून गेले, असे समजू. काही महिन्यांनी संपादकांच्या ध्यानात येते की ‘क’ आणि ‘ख’ या दोन पोथ्यांच्या ओळखींची अदलाबदल झाली आहे. ते संकेतांची फाइल दुरुस्त करतात, त्याच दिवशी बाराव्या कथेतही एक शब्द सुधारतात आणि ‘मेक’ चालवतात. ‘मेक’ बाराव्या कथेची पृष्ठे नव्याने सिद्ध करते, बाकीच्या ६९ कथा अद्ययावत आहेत असे मानते आणि निर्धास्तपणे सर्व एकत्र बांधते. सिद्ध झालेल्या ग्रंथात बाराव्या कथेतील पाठभेद खऱ्या पोथीच्या नावावर आहेत आणि उरलेल्या ६९ कथांतील चुकीच्या पोथीच्या नावावर. स्रोत निर्दोष आहे, साधनाने कोणतीही चूक दाखवलेली नाही, ग्रंथावर तारीखही आजची आहे. तरीही पोथ्यांचा वंशवृक्ष मांडू पाहणाऱ्या अभ्यासकाला हा ग्रंथ सरळ दिशाभूल करील.

सी भाषेतील आज्ञावलींत हेच स्थान ‘हेडर’ फाइलींना असते. अनेक स्रोत-फाइली एकच हेडर आपल्यात समाविष्ट करतात, ते हेडर आणखी काही हेडर समाविष्ट करते आणि ही साखळी माणसाने हाताने नोंदवणे अशक्य होते. यावर निघालेला तोडगा विचारणीय आहे. समाविष्ट फाइली प्रत्यक्ष वाचतो तो कंपायलर. तेव्हा वाचलेल्या फाइलींची यादीही त्यानेच लिहून द्यावी. जीसीसी या कंपायलरचा ‘-एमएमडी’ हा पर्याय व्यवस्थेची हेडरे वगळून इतर समाविष्ट फाइलींची यादी ‘मेक’ला समजेल अशा रूपात लिहून देतो. अवलंबित्वाची नोंद स्मरणावर न सोडता ती वाचनाच्या क्रियेतूनच निपजावी, हे तत्त्व यातून पुढे आले.

१९९८ साली पीटर मिलर यांनी आणखी एका अपुरेपणाकडे लक्ष वेधले. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र मेकफाइल देऊन वरच्या ‘मेक’ने खालच्या ‘मेक’ला हाक मारावी, ही पद्धत तेव्हा सर्रास रूढ होती. मिलर यांचा आक्षेप असा की, या पद्धतीत कोणत्याही एका ‘मेक’ला संपूर्ण आलेख दिसत नाही, कप्प्या-कप्प्यांमधील नाती अदृश्य राहतात. मग त्या उणिवेवर उतारा म्हणून लोक तीच बांधणी दोनदा चालवतात किंवा गरज नसताना सर्व काही नव्याने बांधतात. मिलर यांच्या मते मंदपणाचे खापर ‘मेक’वर फुटते, पण दोष तुकडे केलेल्या आलेखाचा असतो.

नोंद दोन्ही बाजूंनी चुकू शकते. गरजेपेक्षा जास्त नाती नोंदवली तर वेळ वाया जातो. कमी नोंदवली तर फलित खोटे ठरते. हे दोन दोष सारख्या तोलाचे नाहीत. पहिला दिसतो, टोचतो आणि म्हणून दुरुस्त होतो. दुसरा दिसत नाही.

५. काळ की आशय?

‘मेक’ तारखेवरून निर्णय घेते. ही कसोटी स्वस्त आणि झटपट आहे, परंतु ती निर्णायक नाही. फाइल उघडून काहीही न बदलता पुन्हा साठवली तरी तिची तारीख नवी होते. उलट जुन्या साठ्यातून आणलेली फाइल आपली जुनी तारीख घेऊन आली, तर आशय वेगळा असूनही ‘मेक’ला काही बदलले आहे असे वाटत नाही. ‘टच’ नावाची आज्ञा फाइलीला हवी ती तारीख देऊ शकते. जाळ्यातील दोन संगणकांची घड्याळे जुळत नसली, तरीही हा निर्णय बिघडतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा पेच नवा नाही. पोथीचे वय आणि तीतील पाठाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्वाचीन प्रतीतही प्राचीन पाठ टिकून असू शकतो. उत्तरकालीन म्हणजे हीन नव्हे, हे जॉर्जो पास्क्वाली यांनी १९३४ साली आग्रहाने मांडले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णू सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत काश्मीरकडील परंपरेला जे महत्त्व दिले, ते हस्तलिखितांच्या वयावरून नव्हे, तर पाठांच्या तुलनेवरून. तारखेवरून तर्क करता येतो. निर्णयासाठी प्रत्यक्ष पाठ ताडून पाहावा लागतो.

बांधणीच्या साधनांनीही पुढे हीच वाट धरली. स्टीव्हन नाइट यांचे ‘एसकॉन्स’, अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेले ‘सीकॅश’ आणि गूगलने २०१५ साली खुले केलेले ‘बॅझल’ ही साधने फाइलीच्या आशयावरून गणिती पद्धतीने एक लहानशी खूण काढतात. आशयात एका अक्षराचा फरक पडला तरी खूण बदलते. आशय तोच असेल तर तारीख कोणतीही असो, खूण तीच राहते. ‘सीकॅश’ एक पाऊल पुढे जाऊन जुनी फलिते त्यांच्या खुणांसह साठवून ठेवते. आज केलेला बदल उद्या मागे घेतला, तर आधीचे फलित पुन्हा सिद्ध न करता साठ्यातून काढून दिले जाते.

आशयावर आधारलेल्या निर्णयाचा आणखी एक लाभ आहे. बाराव्या कथेच्या फाइलीत संपादकाने केवळ स्वतःसाठी लिहिलेले, छपाईत न येणारे टिपण बदलले, तर स्रोताची खूण बदलते आणि त्या कथेची प्रक्रिया पुन्हा होते. परंतु सिद्ध झालेली पृष्ठे पूर्वीसारखीच असतील, तर त्यांची खूण बदलत नाही आणि संपूर्ण ग्रंथ पुन्हा जुळवण्याचे कारण उरत नाही. १२० सेकंदांचे काम २० सेकंदांवर थांबते. अट एवढीच की पृष्ठांच्या फाइलीत प्रक्रियेची वेळ नोंदलेली नसावी. एरवी तीच पृष्ठे दर वेळी वेगळी ठरतात.

तरीही आशयाच्या खुणेने सर्व प्रश्न सुटत नाहीत, कारण फलित केवळ स्रोतावर अवलंबून नसते. कंपायलरची आवृत्ती, दिलेले पर्याय, वापरलेला फाँट, भाषेनुसार अकारविल्हे लावण्याचे नियम हीदेखील त्याची कारणे असतात. फाँट बदलला की देवनागरीतील जोडाक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या तुटतात आणि ओळींच्या क्रमांकांवर बेतलेले सर्व पाठभेद सरकतात. ‘मेक’ आपण होऊन याची दखल घेत नाही. ‘निंजा’ हे साधन प्रत्येक फलित कोणत्या आज्ञेने सिद्ध झाले ते लक्षात ठेवते आणि आज्ञेत बदल होताच ते फलित शिळे मानते. ‘बॅझल’ प्रत्येक कृती शक्यतो बंदिस्त परिसरात चालवते, जेणेकरून न नोंदवलेली फाइल कृतीच्या हाती लागूच नये. अशा वेळी अपुरी नोंद शिळे फलित देण्याऐवजी बांधणीच थांबवते. अदृश्य दोषाला दृश्य करण्याचा हा उपाय आहे.

६. एकाच वेळी अनेक हात

बांधणी जलद करण्याचा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे समांतर प्रक्रिया. जीएनयू ‘मेक’च्या ‘-जे’ या पर्यायाने एकाच वेळी किती कामे चालवावयाची ते सांगता येते. परस्परांवर अवलंबून नसलेली कामे कोणती, हे आलेखावरून कळते. सत्तर कथा एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून त्या एकाच वेळी हाती घेता येतात. संगणकाचे चार गाभे वापरले तर सत्तर कथांना १८ फेऱ्या, म्हणजे ३६० सेकंद लागतील आणि जुळवणीचे १०० सेकंद धरून २५ मिनिटांचे काम ७ मिनिटे ४० सेकंदांवर येईल.

या वेगाला मर्यादा आहे. जीन अँडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार, कामाचा जो भाग एकापाठोपाठ एकच करावा लागतो, तो एकूण वेगाची कमाल सीमा ठरवतो. जुळवणी सर्व कथा सिद्ध झाल्यावरच होऊ शकते. म्हणून सत्तर गाभ्यांचा संगणक आणला तरी २० आणि १०० मिळून १२० सेकंदांखाली जाता येणार नाही. एका कथेतील दुरुस्तीनंतर अवलंबित्वाच्या नोंदीवरून केलेली बांधणीही १२० सेकंदच घेते, हे वर दिसलेच. म्हणजे नित्याच्या दुरुस्तीत जे काम सत्तर गाभ्यांचे यंत्र करते, ते काही ओळींची अचूक नोंद एका गाभ्यावर करून देते.

समांतर प्रक्रिया अपुऱ्या नोंदीलाही उघडे पाडते. कामे ठरावीक क्रमाने चालत असताना एखादे न नोंदवलेले नाते योगायोगाने पाळले जाते. कामे एकाच वेळी सुरू झाली की तो योगायोग संपतो आणि बांधणी कधी सफल, कधी विफल होऊ लागते. अशा वेळी समांतर पर्यायच बंद करून टाकण्याकडे लोकांचा कल असतो. योग्य उपाय म्हणजे राहिलेले नाते शोधून नोंदवणे.

प्रकल्प फार मोठा असेल तर आलेख वाचण्यातच वेळ जातो. इव्हान मार्टिन यांनी ‘निंजा’ रचले ते क्रोमियम या ब्राउझरच्या कामातून. त्यात ३०,००० हून अधिक स्रोत-फाइली होत्या आणि एक फाइल बदलल्यावर प्रत्यक्ष कामाला आरंभ होण्यासच १० सेकंद लागत असत. ‘निंजा’ने तो अवधी एका सेकंदाच्या आत आणला. त्यासाठी त्याने आपली भाषा मुद्दाम तुटपुंजी ठेवली. ‘निंजा’च्या फाइली माणसाने लिहाव्यात अशी अपेक्षा नसते, ‘सीमेक’सारखी साधने त्या तयार करतात. नियम ठरवणे आणि नियम अंमलात आणणे ही दोन कामे येथे वेगळी केली आहेत.

७. स्वतःवरच अवलंबून असलेली संहिता

आतापर्यंत विचारात घेतलेल्या आलेखात एक गृहीतक होते : अवलंबित्व एकाच दिशेने वाहते, ते फिरून स्वतःकडे येत नाही. ग्रंथाची बांधणी हे गृहीतक मोडते. ‘पृष्ठ ४५ पाहा’ असा उल्लेख छापावयाचा तर पृष्ठांकन आधी ठरले पाहिजे; परंतु उल्लेखातील अंकांनी जागा व्यापल्याने पृष्ठांकनच बदलू शकते. ‘लाटेक’ यावर पुनरावृत्तीचा उपाय योजते. पहिल्या फेरीत सापडलेले क्रमांक ते एका साहाय्यक फाइलीत लिहून ठेवते आणि पुढच्या फेरीत वाचते. ‘रेलेडमॅक’ने बांधलेल्या आवृत्तीत ओळींचे क्रमांक आणि त्यांवर बेतलेल्या टीपा असल्याने अशा अनेक फेऱ्या अटळ असतात. सलग दोन फेऱ्यांत काहीही बदलले नाही, म्हणजे संहिता स्थिरावली.

जॉन कॉलिन्स यांचे ‘लाटेकएमके’ हे साधन साहाय्यक फाइलींच्या खुणा ताडून पाहते आणि स्थैर्य येईपर्यंत, पण ठरावीक संख्येच्या मर्यादेत, आवश्यक तेवढ्याच फेऱ्या करते. येथे काटकसर म्हणजे एकच फेरी करणे नव्हे. पुरेशा फेऱ्या करणे आणि त्यापुढे न करणे होय. घाईने दोनच फेऱ्यांवर थांबलेल्या आवृत्तीत टीपांचे ओळ-क्रमांक एका ओळीने सरकलेले राहू शकतात. दिसावयास पृष्ठ निर्दोष असते, मात्र पाठभेद शेजारच्या ओळीला चिकटलेला असतो.

मोठ्या ग्रंथात ‘इन्क्लूडओन्ली’ या आज्ञेने निवडक प्रकरणेच बांधता येतात आणि उरलेल्यांचे क्रमांक मागील फेरीच्या साहाय्यक फाइलींतून घेतले जातात. नित्याच्या कामासाठी ही सोय उत्तम आहे. छपाईसाठी पाठवावयाची प्रत मात्र संपूर्ण बांधलेलीच असावी.

८. संपादनाचाच एक भाग

वरील विवेचनावरून बांधणीची रचना कोणत्या क्रमाने करावी हे सांगता येते. आधी वेळ कोठे जातो ते मोजावे. बहुधा तो अंदाज केलेल्या ठिकाणी जात नसतो. मग अवलंबित्वाची नोंद पूर्ण करावी आणि शक्य तेथे ती वाचणाऱ्या साधनाकडूनच करून घ्यावी. त्यानंतर मोठ्या फाइलींचे विभाजन करावे. वारंवार बदलणारा मजकूर आणि क्वचित बदलणाऱ्या सामायिक व्याख्या वेगवेगळ्या ठेवाव्यात, कारण सर्वांना लागणाऱ्या फाइलीतील एक बदल सर्वांना शिळे करतो. साठवण आणि समांतर प्रक्रिया यांचा क्रम यानंतरचा. नोंद अपुरी असताना त्यांचा अवलंब केला, तर चुकीचे फलित अधिक वेगाने हाती येते, एवढेच.

याखेरीज ठरावीक काळाने सर्व फलिते पुसून टाकून आरंभापासून संपूर्ण बांधणी करावी आणि ती नित्याच्या बांधणीशी ताडून पाहावी. दोन्ही तंतोतंत जुळली नाहीत तर आलेखात काहीतरी राहून गेले आहे. ही तुलना शक्य व्हावी म्हणून फलितात बांधणीची वेळ उमटू न देणे आवश्यक ठरते. डेबियन या प्रकल्पातून पुढे आलेल्या पुनरुत्पादनक्षम बांधणीच्या चळवळीने हाच आग्रह धरला आहे : त्याच स्रोतापासून, त्याच साधनांनी, कोणालाही अक्षरशः तेच फलित मिळाले पाहिजे.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिचा संगणकीय पाठ मुनेओ तोकुनागा यांनी सिद्ध केला आणि जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. छापील ग्रंथातील दुरुस्ती शुद्धिपत्रात दिसते. वाचकाला मूळ पाठ आणि सुधारणा दोन्ही समोर ठेवता येतात. संगणकीय आवृत्तीत सुधारणा स्रोतात होते आणि ती फलितात उतरली की नाही, हे बांधणीच्या नियमांवर ठरते. कोणता भाग कोणत्या आधारावर उभा आहे याची नोंद ठेवणे हे पाठसंपादकाचे मूळ काम आहे. मेकफाइल ही तशीच नोंद आहे. ती लिहिताना तंत्रज्ञाचे साहाय्य जरूर घ्यावे. परंतु तीत काय राहून गेले आहे हे ओळखण्याची जबाबदारी, संकेतांच्या फाइलीत कोणती पोथी ‘क’ आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्या संपादकाचीच राहते.